गिअरबॉक्स गेला म्हणजे गाडी गेली का?

दहा-बारा वर्षं चाललेल्या गाडीचा गिअर अडकायला लागला की घरात दोन सूर ऐकू येतात. ‘हिच्यात आता पैसे घालू नका, काढून टाका’ हा एक आणि ‘जुनी गाडी दणकट असते, गिअरबॉक्स बदला, अजून दहा वर्षं चालेल’ हा दुसरा. दोन्ही सल्ले बहुतेक वेळा नेमकं काय बिघडलंय हे कळण्याआधीच दिलेले असतात. घरानंतर गाडी ही बहुतेक कुटुंबांची सगळ्यांत मोठी खरेदी असते आणि इथे चुकलेला निर्णय काही लाखांचा फटका देऊ शकतो. म्हणून गिअरबॉक्सबद्दल सर्रास ऐकू येणाऱ्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : गिअर नीट पडत नाही, म्हणजे गिअरबॉक्स गेला.

वस्तुस्थिती : गिअरबॉक्सच्या नावावर जमा होणारे बरेच बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेरचे असतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा चढतो, पण गाडी वेग घेत नाही, तेव्हा क्लच प्लेट झिजल्याची शक्यता सगळ्यांत जास्त. याची चाचणी सोपी आहे. सपाट, मोकळ्या जागेवर हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर तो स्लिप होतोय. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही तापते.

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू असताना जड जातात आणि रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ताणली गेली असेल किंवा क्लचचा सिलिंडर गळत असेल. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग तपासावं. वळताना कटकट येत असेल तर एक्सलचा जॉइंट आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर चाकाचं बेअरिंग.

खुद्द गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं ओळखू येतं. ठरावीक एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, घासल्याचा आवाज आला तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. न्यूट्रलमध्ये येणारी गुणगुण क्लच दाबताच थांबली तर आतल्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल तर दात, सिलेक्टर फोर्क किंवा माउंटिंग बघावं लागतं. यांतला प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. ‘गिअरबॉक्स गेला’ हे निदान नाही. कोणता भाग गेला, हे मेकॅनिकने नावानिशी सांगायला हवं.

गैरसमज : ऑटोमॅटिक गाडी बिघडली की अख्खी ॲसेम्ब्लीच बदलावी लागते.

वस्तुस्थिती : ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या रचना येतात आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा असतो. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून एएमटी सर्वसामान्यांच्या गाडीत आली. एएमटीचा गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं यंत्र करतं. त्यामुळे तिथे बिघाड झाला तर ॲक्च्युएटर, त्याचं ऑइल, सेन्सर आणि क्लच आधी तपासायचे असतात. गिअरचे दात बरेचदा ठणठणीत असतात.

टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात झटके बसत असतील तर सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीच्या दुरुस्तीवर भागण्याची शक्यता असते. सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि पोलादी पट्टा असतो. तो पट्टा घसरून पुलीवर चरे पडले असतील तर मात्र खर्च मोठा होतो. ड्युअल क्लचच्या कोरड्या प्रकाराला शहरातली कोंडी आणि उष्णता सोसत नाही. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. डीएसजी या तिच्या सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत विद्युत बिघाड घडवू शकत होतं, म्हणून ते काढून मिनरल ऑइल भरलं गेलं. म्हणजे लाखो गाड्यांच्या गिअरबॉक्समधल्या दोषावर ऑइल बदलणं हा उपाय ठरला.

म्हणून ऑटोमॅटिकच्या बाबतीत स्कॅनर लावून एरर कोड काढल्याशिवाय कोणतंही एस्टिमेट मान्य करू नये.

गैरसमज : गिअर ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं आणि जुन्या गाडीत बदललं तर गिअरबॉक्स जातो.

वस्तुस्थिती : अनेक गाड्यांच्या कागदपत्रांत ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं म्हटलेलं असतं, पण ते कोणाचं आयुष्य, हे तिथे लिहिलेलं नसतं. जगातल्या मोठ्या गिअरबॉक्स उत्पादकांपैकी एक असलेली जर्मनीची झेडएफ कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

ऑइल बदलल्यावर गिअरबॉक्स गेला, असे अनुभव लोक सांगतात ते खोटे नसतात. पण तिथे आतले क्लच आधीच संपलेले असतात आणि त्रास वाढल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललेलं असतं. दुर्लक्षित गाडीत यंत्राने दाब देऊन फ्लश करू नये. साधं काढून भरणं पुरेसं आणि सुरक्षित असतं.

ऑइल काढताना स्वतः गॅरेजमध्ये उभं राहावं. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला बऱ्याच गाड्यांत चुंबक असतं. त्यावर काळपट, लोण्यासारखा मऊ थर असेल तर ती नेहमीची झीज समजावी. बोटांवर चोळल्यावर टोचणारे चमकते तुकडे हाती लागले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइलमध्ये पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजल्यात. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ऑइलमध्येच शोधावं. भरायचं ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच हवं. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘भारीतलं’ म्हणून जीएल-५ ओतलं तर त्यातली रसायनं पितळी रिंगांना बाधू शकतात.

गैरसमज : कुर्ल्याहून वापरलेला गिअरबॉक्स आणला की काम स्वस्तात होतं.

वस्तुस्थिती : मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत वापरलेले सुटे भाग मिळतात, हे खरं. मॅन्युअल गाडीसाठी हा पर्याय चांगलाही ठरतो. पण त्या गिअरबॉक्सची मागची गाडी किती चालली, पुरात बुडाली होती का, हे कोणी सांगू शकत नाही. मॉडेल तेच असलं तरी इंजिन आणि वर्षानुसार गिअरचं प्रमाण बदलतं, म्हणून नंबर जुळवूनच घ्यावा. शाफ्ट हाताने फिरवून बघावा, प्रत्येक गिअर टाकून बघावा, लेखी वॉरंटी घ्यावी. सीव्हीटी किंवा ड्युअल क्लचच्या बाबतीत बसवल्यानंतर गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवणीही लागते. ती करणारा माणूस आधी शोधावा आणि मगच माल घ्यावा.

गिअरबॉक्स एकदा उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि ऑइल सील तिथल्या तिथे तपासून घ्यावेत. उतरवण्या-चढवण्याची मजुरी हा या कामातला मोठा भाग असतो आणि ती दोनदा देण्यात शहाणपण नाही.

गैरसमज : दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीवर गेली की गाडी विकावी.

वस्तुस्थिती : बारा वर्षांच्या गाडीची बाजारातली किंमत कमीच असते, त्यामुळे या नियमाने प्रत्येक जुनी गाडी विकायलाच निघेल. तुलना करायची ती पुढची काही वर्षं गाडी वापरण्याच्या खर्चाशी.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, बिघडलेल्या स्थितीत गाडीचे ८०,००० रुपये येतात आणि दुरुस्तीला ६०,००० लागतात. दुरुस्त करून तीन वर्षं वापरली, दरवर्षी इतर कामांना ३०,००० धरले आणि शेवटी ५०,००० ला विकली. आज न मिळालेले ८०,००० खर्चातच मोजले तरी एकूण १,८०,००० होतात, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये.

आता आठ लाखांची नवी पेट्रोल गाडी घेऊ. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर आहे, म्हणजे ८८,००० रुपये. हा एकटा करच आपल्या दुरुस्तीपेक्षा जास्त आहे. विम्याच्या तक्त्यानुसार तीन वर्षं उलटल्यावर गाडीचं मूल्य ४० टक्क्यांनी घटलेलं धरतात, म्हणजे ३,२०,००० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला सुमारे ११,३०० रुपये आणि यात कर्जाचं व्याज व विम्याचा वाढीव हप्ता धरलेलाच नाही.

आपल्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब कागदावर करावा. ‘त्यापेक्षा दुसरी सेकंडहँड घेऊ’ असं वाटत असेल, तर तिच्या गिअरबॉक्सचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, हेही हिशेबात धरावं.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाणारच, मग खर्च कशाला?

वस्तुस्थिती : दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हे राष्ट्रीय हरित लवादाचे २०१५ चे आणि सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे आदेश दिल्ली व राजधानी परिसरासाठी होते. महाराष्ट्रात खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणीला न्यावी लागते. ती पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्यासाठी पर्यावरण कर भरावा लागतो आणि नूतनीकरणाचं शुल्कही एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर हे खर्च दुरुस्तीत मिळवूनच निर्णय घ्यावा. गाडी नोंदणीकृत केंद्रात भंगारात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे.

गैरसमज : विमा आहे, खर्च निघेल.

वस्तुस्थिती : झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या विम्यात बसत नाहीत. इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाचं वेगळं कवच असतं, पण ते मुख्यतः पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी असतं आणि जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाही.

मग गाडी सोडावी कधी?

गिअरबॉक्सपेक्षा बाकीच्या गाडीकडे बघून हे ठरतं. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. कोकणात आणि किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने चासी आणि सस्पेन्शनचे सांधे गंजतात. तिथे पत्रा बोटाने दाबल्यावर आत जात असेल, तर नवा गिअरबॉक्सही त्या गाडीला वाचवत नाही. इंजिन ऑइल पीत असेल, गाडी पुरात बुडालेली असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तरी थांबावं. सुरक्षेचाही विचार हवा. नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ पासून सक्तीच्या झाल्या. या दोन्ही गोष्टी नसलेल्या गाडीतून लहान मुलांसह रोज महामार्गावर जायचं असेल, तर पैशांचा हिशेब दुय्यम ठरतो आणि गाडी बदलणंच योग्य.

याउलट चासी स्वच्छ आहे, इंजिन शांत आहे, गाडी रोजच्या शहरी वापरासाठी आहे आणि बिघडलेल्या भागाचं नाव दोन वेगळ्या मेकॅनिकनी एकच सांगितलं आहे, तर दुरुस्तीला कचरू नये. दुरुस्तीनंतर क्लचवर पाय ठेवून चालवणं आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं टाळावं. पुढची चाकं चालवणारी ऑटोमॅटिक गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर पुढची चाकं उचलून किंवा सरळ ट्रकवर चढवूनच न्यावी.

आधी बिघडलेल्या भागाचं नाव, मग गाडीची खालून तपासणी, मग तीन वर्षांचा हिशेब. या क्रमाने गेलात तर गाडी ठेवा किंवा विका, निर्णय पूर्ण माहितीवर घेतलेला आणि तुमचा स्वतःचा असेल.