फाइल उघडते, पण मजकूर वाचता येत नाही

अंबरनाथ-उल्हासनगरच्या डीटीपीच्या दुकानांतून आपल्या लोकांनी बरेच कागद टाइप करून घेतले. नोकरीचे अर्ज, लग्नपत्रिका, विहाराचा जमाखर्च. फाइल फ्लॉपीवर, पुढे सीडीवर घरी येई. पालेगावात आजही कुणाकुणाच्या कपाटात त्या आहेत. नव्या कॉम्प्युटरवर त्या नीट दिसल्या नाहीत, की दुकानदार 'फाइल खराब झाली' म्हणून मोकळा होतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे. आमचा अनुभव असा, की पुष्कळदा फाइल शाबूत असते.

एक दुखणे वर्डच्या आवृत्तीचे. वर्ड ६ आणि वर्ड ९५ यांची फाइल एकाच घडणीची होती. वर्ड ९७ ने ती बदलली आणि ९५ वाल्यांची अडचण झाली. वर्ड २००७ मध्ये पुन्हा तेच. 'डॉक' जाऊन 'डॉकएक्स' आली. ही म्हणजे छोट्या फाइलींचे दाबून बांधलेले गाठोडे. २००३ च्या वर्डला ते सोडता येईना. मायक्रोसॉफ्टने जुन्या वर्डला जोडायचा पॅक फुकट दिला होता, पण ज्याच्याकडे इंटरनेटच नाही त्याला हे सांगणार कोण? त्याच सुमारास आमच्या ओळखीच्या एका पदवीधर मुलाचा बायोडाटा एका कचेरीत उघडला नाही. पुन्हा पाठवीपर्यंत मुदत टळली होती.

मराठी माणसाला जास्त छळले ते फॉन्टने. शिवाजी, श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख यांत पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलीत साठे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे. तेही प्रत्येकाचे निराळे! फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा पाचोळा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच स्वतःचे आकडे मिळाले होते, तरी दुकानांत जुने फॉन्ट पुढे वर्षानुवर्षे चालले.

आता उपाय. डॉक फाइल अडली तर लिबरऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर वापरून बघावे. फॉन्टचे नाव फाइलीतच सापडते. ते कळले की कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये नेता येतो. मात्र जुनी छापील प्रत शेजारी ठेवूनच तपासावे. रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी इथे घोळ होतो, आणि नावात एक अक्षर बदलले तरी दाखला किंवा शिष्यवृत्ती अडू शकते. नवे काम देताना दुकानदाराकडून पीडीएफबरोबर युनिकोडमधली मूळ फाइलही मागून घ्यावी. पैसे दोन्हींचे मोजलेले असतात.