लोक काय म्हणतले?

मालवणहून कुडाळला जाणारी एसटी धरा. कुंभारमाठ आलं की जागेवर उभं राहून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडा, "कुंभारमाठ!" चौके आलं की पुन्हा. धामापूरला पुन्हा. कंडक्टर वळून बघेल, मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसतील, एखादी आजी शेजारणीला विचारील, "खुळावलो काय गो ह्यो?" आपण काही खुलासा करायचा नाही. खाली बसायचं आणि पुढच्या थांब्याची वाट बघायची.

हा वात्रटपणा नाही, मानसोपचारातला नावाजलेला व्यायाम आहे. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) आपल्याकडे येणाऱ्या बुजऱ्या माणसांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं अशीच मोठ्यानं पुकारायला लावत. त्यांच्या पंथातला दुसरा गृहपाठ त्याहून भारी: केळ्याला दोरी बांधायची आणि ते कुत्र्यासारखं रस्त्यानं फिरवून आणायचं. बघणारे हसणार हे त्यात धरलेलंच असतं. 'कोणी हसणार नाही' असा दिलासा एलिस देत नसत. लोक हसले आणि तरी आपण जागच्या जागी शाबूत आहोत, हे अंगानं अनुभवायचं, एवढ्यासाठी तो खटाटोप. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं 'शेम अटॅकिंग', म्हणजे लाजेवर चढाई.

हे औषध त्यांनी आधी स्वतःवर चालवून बघितलं होतं. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मग त्यांनी ठरवलं, महिनाभर ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कोणी दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. अशा १३० जणींच्या शेजारी ते बसले. तीसजणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या शंभरजणींशी गप्पा झाल्या. भेटीचं कबूल केलं फक्त एकीनं आणि तीही आली नाही. प्रेमाच्या हिशेबात शून्य कमाई. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, कोणी थोबाडीत मारली नाही, आणि महिन्याअखेर भीती पार उतरली होती.

आता खरं सांगतो. एसटीत हा प्रयोग करायचा म्हणून मी एकदा ठरवून बसलो होतो. कुंभारमाठ आलं, मी तोंड उघडलं, आणि पुढच्या बाकावरून आमच्या वाडीतले एक काका वळून म्हणाले, "काय रे, खंय चललंस?" संपला प्रयोग.

न्यूयॉर्क आणि मालवण यांतला हा फरक पुस्तकं लिहिणारे लक्षात घेत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचा मोठा चेहरा छापलेला, त्या वयात घालायची लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी टीशर्टवर कोण आहे ते ओळखलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता साधारण निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात ओळखणारे निघाले जेमतेम पाव. सगळा प्रकाशझोत आपल्यावरच आहे असं आपल्याला वाटतं; लोक मात्र त्यांच्या त्यांच्या टीशर्टच्या काळजीत असतात. उत्तम प्रयोग. पण ती अनोळखी माणसांनी भरलेली खोली होती. आमच्याकडे 'लोक काय म्हणतले' हा नुसता भ्रम नसतो. लोक खरंच म्हणतात, आणि संध्याकाळपर्यंत ते घरी पोचतं. गजालींवर चालणाऱ्या गावात कोणाचं लक्ष नसतं असं सांगणं म्हणजे थापच.

म्हणून लाजेवरची चढाई इथे लहान फौजेनं करावी. बँकेत फॉर्म समजला नसेल तर रांग मागे असतानाही "कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणावं. ग्रामसभेत एक प्रश्न विचारावा, चुकीचा असला तरी. मुंबईच्या ऑफिसात घरचा फोन आला की जिन्यात पळण्याऐवजी टेबलावरच मालवणीतून बोलावं. एवढंही पुष्कळांना केळं फिरवण्याइतकं जड जातं.

मालवणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एलिसच्या व्यायामाचा आमच्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा प्रयोग मला विचाराल तर 'वस्त्रहरण'. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळींनी तात्या सरपंच होऊन गाजवलेलं हे नाटक १९८० साली आलं. त्याआधी मराठी नाटकात मालवणी बोलायचा तो बहुधा घरगडी. तळकोकणातून मुंबईत आलेला माणूस ती बोली खोलीचं दार लावून बोलायचा. गवाणकरांनी काय केलं, तर गावातल्या हौशी नाटक मंडळींची सगळी फजिती, रुसवेफुगवे, विसरलेली वाक्यं, तीच बोली वापरून भर मंचावर मांडली. ज्याची लाज वाटायची तेच दिव्याखाली. लोक हसले, पोट धरून हसले, आणि त्या हसण्यानं कोणी लहान झालं नाही. पाच हजारांवर प्रयोग झाले. कांबळी आणि एलिस एकाच वर्षी गेले, २००७ मध्ये. एकमेकांचं नावही त्यांनी ऐकलं नसणार.

लाज येते कुठून, याचं एलिसचं उत्तर आंब्याच्या मोसमात चांगलं समजतं. देवगडचा बागायतदार हापूसची प्रतवारी करतो: वजन, आकार, डाग. फळाला प्रत लावता येते. पण एका फळात साका निघाला म्हणून कोणी कलम तोडत नाही; ते फळ बाजूला जातं, कलमाला पुढच्या वर्षी पुन्हा खतपाणी होतं. आपण स्वतःच्या बाबतीत नेमकं उलटं करतो. एक मुलाखत फसली की 'मुलाखत फसली' असं न म्हणता 'मी बिनकामाचा' म्हणतो. एलिसचं म्हणणं, कृतीला हव्या तेवढ्या कडक गुणांनी तपासा, पण करणाऱ्या अख्ख्या माणसाला एकच एक गुण देऊ नका. चांगलाही नको. आज 'मी ग्रेट' म्हणणारा उद्या 'मी फालतू' म्हणणार, कारण फूटपट्टी तीच आहे. अशी फूटपट्टीच न लावण्याला ते विनाअट आत्मस्वीकार म्हणत. त्यांची ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती, आरईबीटी, १९५५ पासूनची. एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करणाऱ्या कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 'स्वभाव-विभाव' या पुस्तकातून आणि ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या त्यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून ती मराठी घरांपर्यंत नेली.

याच पद्धतीतला वहीत करायचा व्यायाम असा. पानावर तीन रकाने आखायचे: घडलं काय, मी स्वतःला म्हटलं काय, आणि मग झालं काय. समजा, मुंबईच्या एका मुलाखतीत इंग्रजी बोलताना आमच्या कट्टा गावची मुलगी अडखळली. पहिल्या रकान्यात 'दोन प्रश्नांना अडखळले'. तिसऱ्यात 'रात्रभर झोप नाही, पुढचा अर्जच भरला नाही'. बहुतेकांना वाटतं पहिल्यामुळे तिसरं झालं. मधला रकाना भरताना खरी गोम सापडते: 'मला अस्खलित आलंच पाहिजे, नाहीतर मी गावंढळ.' मग त्या वाक्याची उलटतपासणी. 'पाहिजे' हा कायदा कोणी केला? अडखळणं आणि गावंढळ असणं यांचा संबंध कुठे सिद्ध झाला? आणि हे वाक्य उराशी धरून माझा फायदा काय झाला? उत्तरं लिहून काढायची, मनातल्या मनात नाही. मनातल्या मनात आपण फार लबाडी करतो.

आता आरशापुढे उभं राहून 'मी समर्थ आहे, मी सुंदर आहे' असं रोज वीसदा म्हणण्याबद्दल. मोबाइलवरच्या प्रेरणादायी रीळांमध्ये हा व्यायाम सगळ्यात लोकप्रिय, आणि माझ्या मते सगळ्यात पोकळ. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ मध्ये तो तपासला. 'मी प्रेमास पात्र आहे' अशा अर्थाचं वाक्य घोकायला लावल्यावर ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना हे औषध हवं होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. तोंडानं वाक्य म्हणताना आतला माणूस पुरावे काढून दाखवत होता, 'हे खोटं, तेही खोटं.' वरून केशरी, आत साका.

सरकारी पातळीवरही हे करून झालं आहे. कॅलिफोर्निया राज्यानं १९८६ साली नागरिकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक कार्यगट नेमला. स्वतःबद्दल चांगलं वाटलं की परीक्षेतले गुण वाढतील, गुन्हे कमी होतील, अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा ढीग चाळला, तेव्हा अभ्यासाबाबत गाडी उलटी जोडली गेल्याचं दिसलं: चांगलं वाटल्यानं गुण वाढत नाहीत, गुण वाढल्यानं चांगलं वाटतं.

मग आत्मविश्वास येतो कुठून? याचं सर्वांत भक्कम उत्तर मानसतज्ज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचं. (दोन्ही अल्बर्टच, गोंधळ करू नये.) सापाला घाबरणाऱ्या माणसांवरचा त्यांचा अभ्यास १९६९ चा. काहींनी सापाच्या कल्पना करत शरीर सैल सोडण्याचा सराव केला, काहींनी दुसऱ्यांना साप हाताळताना चित्रफितीत बघितलं, आणि काहींनी जाणकाराच्या सोबतीनं पायरी पायरीनं स्वतः साप हाताळला. शेवटचा गट सगळ्यांच्या पुढे गेला. १९७७ मध्ये बांडुरांनी त्यावरून सिद्धांत मांडला: 'मला हे जमेल' ही भावना चार वाटांनी येते. स्वतः करून बघितलं, आपल्यासारख्या कोणाला करताना बघितलं, विश्वासातल्या माणसानं धीर दिला, आणि छातीतल्या धडधडीचा अर्थ नीट लावता आला. चारींत पहिली वाट सर्वांत पक्की.

हे बघायला प्रयोगशाळेत जायला नको. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबासाठी येणारा पाहुणा बघा. अनेकांना पोहताही येत नसतं. आमची पोरं त्याला 'तुम्ही शूर आहात' असलं काही सांगत बसत नाहीत. आधी मास्क लावून नुसतं तोंडानं श्वास घ्यायला लावतात. मग होडीला धरून फक्त डोकं पाण्याखाली. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. धडधड होते, ती होऊ द्यायची. श्वास चालू आहे ना, मग पुढची पायरी. खाली जाताना गाइडचा हात सतत सोबत असतो. थोड्या वेळानं तोच माणूस प्रवाळाजवळ माशांकडे बोट दाखवत असतो. बांडुरांनी हे बघितलं असतं तर आपलीच पद्धत म्हणून ओळखलं असतं.

आणि वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तिथे स्वामिनी महिला बचत गटातल्या मच्छीमार घरांतल्या नऊजणींनी २०१७ च्या सुमाराला कांदळवन सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांच्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या प्रकल्पाचं त्यांना पाठबळ मिळालं. पर्यटकांना होडीतून खाडीत न्यायचं, कांदळाची आधारमुळं दाखवायची, तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दाखवायची, शास्त्रीय नावांसकट सांगायचं. शहरातून आलेल्या शिकल्यासवरल्या लोकांपुढे. बांडुरांच्या चारही वाटा इथे सापडतात: हातात वल्हं, शेजारी आपल्यासारखीच दुसरी, पाठीशी शिकवणारे, आणि पायाखाली लहानपणापासून ओळखीचं पाणी. 'सेल्फ हेल्प' हा शब्द पुस्तकांच्या दुकानात एकट्यानं करायच्या गोष्टीसाठी वापरतात. 'सेल्फ हेल्प ग्रुप'चं मराठी मात्र 'बचत गट'. आमच्या बायकांना तो शब्द आधीपासून जास्त नीट कळलेला आहे.

एक आक्षेप हमखास येतो: स्वतःला आहे तसं स्वीकारलं तर माणूस आळशी होणार नाही का? आमच्या घरांत वळण म्हणजे टोचणी, असाच समज. बर्कलीच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. सगळ्यांची दांडी उडाल्यावर काहींना सांगितलं, ही अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या परीक्षेआधी सर्वांत जास्त वेळ अभ्यास याच गटानं केला. अपयशाकडे बघायची भीती गेली की ते उघडून बघता येतं, दुरुस्तही करता येतं. मानसतज्ज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून ज्या आत्मकरुणेचा अभ्यास चालवला आहे तिचा गाभाही असाच. त्यातला सोपा व्यायाम आज रात्री करता येईल. जिवलग मैत्रिणीची हीच चूक झाली असती तर तिला काय लिहिलं असतं, ते पत्र लिहा. मग वर स्वतःचं नाव घाला. बहुतेकांचा हात इथे थबकतो. थबकला तर पत्र बरोबर लिहिलंय असं समजा.

हे व्यायाम बुजरेपणावर, न्यूनगंडावर, फसलेल्या मुलाखतीवर चालतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेला असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही.