शासकीय संगणक-प्रकल्पांचे पर्यवेक्षण

शासकीय संगणक-प्रकल्पांचे पर्यवेक्षण : संगणकाची आज्ञावली तयार करणारे तज्ञ, ती वापरणारे कर्मचारी आणि तिच्यातील माहितीबद्दल कायद्याने उत्तरदायी असणारे अधिकारी यांच्या कामाचा मेळ घालणारी प्रशासकीय व्यवस्था. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात तिची पूर्वपीठिका संगणकापूर्वीची आहे. १९८० नंतरच्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतील जुन्या दप्तराची छाननी करून निरुपयोगी कागद नष्ट करविले, उरलेल्यांची वर्गवारी लावली व कर्मचाऱ्यांची बैठकव्यवस्था बदलली. ही पद्धती ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर परिचित झाली. दप्तर अस्ताव्यस्त असेल, तर यंत्र तोच घोळ अधिक वेगाने करते, हे पुढे संगणक आल्यावर सर्वत्र प्रत्ययास आले.

जिल्ह्याच्या ठिकाणी तांत्रिक साहाय्य राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा (स्था. १९७६) जिल्हा अधिकारी देतो. तो केंद्र शासनाचा सेवक असला, तरी त्याचे रोजचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या गरजेनुसार चालते.

पर्यवेक्षणाची खरी कसोटी सातबारा उताऱ्याशी निगडित ई-फेरफार प्रकल्पात लागते. त्याची राज्यस्तरीय सूत्रे पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांकडे असतात. जिल्ह्यात १४ तालुके मोडतात. तलाठी (ग्राम महसूल अधिकारी) नोंद घेतो, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते व मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. संगणकतज्ञाला यांपैकी कोणताही अधिकार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ अन्वये हक्कनोंदणीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. साहजिकच हस्तलिखित उताऱ्यावरील ०.४० हेक्टर संगणकावर ०.०४ झाले, तर खातेदाराचे पीककर्ज वा खरेदीखत अडते आणि चूक सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो.

म्हणून किती गावांचे काम ‘पूर्ण’ झाले, एवढ्या आकड्यावर विसंबणारे पर्यवेक्षण अपुरे ठरते. वरिष्ठ कार्यालयांना मात्र तोच आकडा प्रिय असतो. संगणकीकृत उतारा हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे कंटाळवाणे, पण निर्णायक काम होय. २०१७ मध्ये राज्यात चावडीवाचनाची मोहीम झाली, तीत उतारे ग्रामस्थांसमोर वाचून हरकती घेण्यात आल्या. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे घरबसल्या मिळू लागले. त्यांवरील चूकही तितक्याच त्वरेने बँकेपर्यंत पोहोचते.