बर्फावर जाण्याआधी

आमच्या वाघोलीत बर्फ दिसतो तो रसवंतीत, नाहीतर मासळीवाल्याकडे. मग आजचा विषय स्कीइंगचा कशाला? तर मागच्या जानेवारीत आम्ही बारा जणी दोन वर्षं पैसे साठवून मनालीला गेलो आणि आमच्यातली एक गुडघ्याला पट्टा बांधून परत आली. दीड महिना तिला पोळ्यांची ऑर्डर घेता आली नाही. तिचे कर्जाचे दोन हप्ते आम्ही सगळ्यांनी मिळून भरले.

झालं काय, ते आधी सांगतो. पायाला दोन लांब फळ्या लावायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं, एवढंच आम्हाला माहीत. भाड्याने घेतलेले बूट तिला सैल होत होते. फोटोपुरतं तर घालायचंय, असं आम्हीच म्हणालो. पण बूट सैल असला की आत पाय वळतो, फळी वळत नाही. दुसरं म्हणजे, बूट फळीला एका खटक्याने अडकतो. पडताना तो खटका सुटून फळी वेगळी व्हायला हवी. तो किती घट्ट ठेवायचा, हे माणसाचं वजन, उंची, वय आणि सराव पाहून ठरवतात. आमचं वजन कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. (चारचौघांत वजन सांगायची आपल्याला लाज, हेही खरंच.) ती पडली, फळी निघाली नाही आणि गुडघा पिरगळला.

म्हणून बूट घालून दहा पावलं चालून बघा. टाच आत उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा. वजन खरं सांगा. हेल्मेट मागून घ्या. आणि घसरायच्या आधी थांबायला शिका. फळ्यांची पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो. सपाट जागी हे जमेपर्यंत वर जायचंच नाही. तोल गेलाच तर बाजूला, कुल्ल्यावर बसल्यासारखं पडावं. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात आणि पडल्यावर ती सुटत नाही. पडणारा हात टेकायला जातो आणि मनगट मोडतं. तिथे मुठी मिटून ठेवायला शिकवतात.

आता दुसऱ्याच्या जिवाचं. दिवे घाटात उतरताना पुढच्या गाडीला ठोकलं तर चूक मागच्याची धरतात ना? बर्फावरही तेच. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, त्यात हा मुख्य आहे: वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. पण थांबणाऱ्यानेही उताराच्या मध्ये किंवा वळणाआड उभं राहू नये, कडेला जावं. निघताना आधी वर बघावं. कुणी पडलेलं दिसलं तर थांबून मदत करावी. आम्ही बाराही जणी उताराच्या मधोमध ग्रुप फोटोला उभ्या होतो. वरून आलेल्या एका पोराने आम्हाला चुकवलं आणि तो स्वतः आडवा झाला. त्याला लागलं नाही, हे आमचं नशीब.

गावातली नोकरी करणारी मुलं आता गुलमर्गलाही जातात. तिथल्या रोपवेचा वरचा टप्पा 3,900 मीटरच्याही वर जातो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर! एवढ्या उंचीवर हवा विरळ. डोकं दुखलं, मळमळलं, तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. तिथे बर्फाचे कडेही कोसळतात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गजवळच्या अफरवत डोंगरावर असंच झालं आणि पोलंडचे दोन स्कीपटू गेले. पुणे जिल्ह्यातल्या आपल्याला माळीण आठवतं. मुसळधार पावसाने डोंगर सुटतो, तसा जोराच्या बर्फवृष्टीनंतर ताजा थर सुटतो. पहिला दिवसभर तरी धोका फार. आखलेली वाट सोडून कोऱ्या बर्फात जायचं नाही आणि बंदची पाटी असेल तर पैसे गेले तरी परत फिरायचं, हे मुलांना निघण्याआधी बजावून सांगा.

ऊन कमी वाटतं म्हणून फसू नका. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. काळा चष्मा हवाच.

प्रवास विमा काढला तरी बऱ्याच पॉलिसींत असे साहसी खेळ धरलेले नसतात, ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. आम्ही तो कागद वाचला परत आल्यावर. आणि चिप्सची पाकिटं, बाटल्या आपल्याच पिशवीत परत आणा. रोहतांगला जाणाऱ्या गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने मर्यादा घातली, ती आपल्यासारख्यांच्याच गर्दीमुळे. तो बर्फ वितळून खालच्या गावांच्या ओढ्यांत जातो. तिथल्या बायका तेच पाणी वापरतात.

आमच्या मैत्रिणीचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना तेवढा दुखतो. यंदाच्या सहलीच्या वर्गणीत आम्ही विम्याचे पैसे आधीच धरलेत. तिनेही नाव दिलंय.