हप्ता आधी की जोतं आधी?

गरिबाच्या घराला सरकार दोन वाटांनी पैसा पुरवू शकते. एक, तिजोरीतून काढून द्यायचा. दुसरी, घ्यायचा तो कर सोडून द्यायचा. अमेरिकेत 1986 पासून ही दुसरी वाट चालते. कमी भाड्याची घरे बांधणाऱ्याला दहा वर्षे करसवलत मिळते, पण विटा-सिमेंटला पैसे आज लागतात. म्हणून तो एखाद्या बँकेला किंवा मोठ्या कंपनीला प्रकल्पात भागीदार करून घेतो. सवलत त्यांच्याकडे जाते, भांडवल याच्याकडे येते. पुढच्या दहा वर्षांची सवलत बांधकामाच्या काळातच रोख होते, ही त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

आपल्याकडेही करसवलत होती. आयकर कायद्याच्या 80-आयबीए कलमाने 1 जून 2016 ते 31 मार्च 2022 या काळात मंजूर झालेल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांचा नफा करमुक्त केला. मात्र ही सवलत नफा झाल्यावर मिळते, आणि नफा व्हायला आधी घरे विकली जावी लागतात. महानगराबाहेर भूखंड किमान 2000 चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ वीस गुंठ्यांचा हवा होता. सप्टेंबर 2019 पासूनच्या मंजुऱ्यांसाठी ‘परवडणाऱ्या’ घराची मर्यादा 45 लाख रुपये झाली. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईला या आकड्याचा उपयोग काय? तिच्यापर्यंत पोचते ते घरकुलच.

शहरी घरकुल म्हणजे 25 जून 2015 ला सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना. 1 सप्टेंबर 2024 पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा लहान शहरांत तिचा कामाचा भाग म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असावे आणि कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाख मिळतात. घर निदान तीस चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांचे.

अर्ज नगरपालिकेकडे जातो. पालिका अर्ज एकत्र करून प्रकल्प अहवाल तयार करते, राज्याची समिती तो पाहते आणि शेवटची मंजुरी दिल्लीहून येते. बांधकाम परवानगी मिळाली की काम सुरू होते. मग जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांवर जागेच्या अक्षांश-रेखांशासह फोटो काढले जातात आणि कामाच्या प्रमाणात रक्कम थेट बँक खात्यात येते.

कुटुंब अडते ते इथेच. सुरुवात स्वतःच्या पैशाने करा, मदत बांधकामाच्या प्रमाणात मिळेल, असे शहरी योजनेचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे खोदकाम, दगड, सिमेंट, गवंड्याची मजुरी हा जोत्यापर्यंतचा सगळा खर्च आधी घरातून करायचा. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य मिळते, पण ट्रॅक्टरचे भाडे आपले. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम शिलकीत नसते, ती व्याजाने येते. शिवाय हे कुटुंब आयकर भरत नसले तरी कर भरतेच: सिमेंटच्या प्रत्येक गोणीवर 22 सप्टेंबर 2025 पूर्वी 28 टक्के जीएसटी होता, आता 18 टक्के आहे.

ग्रामीण योजनेत हे थोडे बरे आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मंजुरीनंतर 15 हजारांचा पहिला हप्ता काम सुरू करण्याआधीच मिळतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण खोदकाम तरी सुरू होते. शहरातल्या कुटुंबालाही जोत्यापुरती उचल आधी द्यायला हवी, असे मला ठामपणे वाटते. त्यासाठी नवी योजना लागत नाही. अडीच लाखांतलाच एक तुकडा पुढे सरकवायचा आहे.

तोवर अर्ज करणाऱ्याने एक काम आधी उरकावे. जागेचा उतारा पुष्कळदा वारलेल्या आजोबांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावरच असतो, आणि घरकुल घरातल्या बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर हवे असते. वारसनोंद करून फेरफार मंजूर झाला नसेल तर जागा आपली असूनही अर्ज अडकतो. शेतजमिनीचा सातबारा असेल तर तलाठ्याकडे, गावठाणातली मिळकत पत्रिका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात ही नोंद होते. ती पावसाळ्यात करून घेतली तर कोरड्या दिवसांत पाया खोदता येतो.