ओबीएम मध्येच बंद पडते तेव्हा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर छोट्या फायबर होडीच्या मागच्या फळीवर टांगलेल्या आउटबोर्ड मोटरला सगळे ओबीएम किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. जाळी टाकायला जाणारी होडी असो की पर्यटकांना फिरवणारी, या मशीनबद्दलची एक तक्रार नेहमी ऐकू येते. सुरू होते, थोडे चालते आणि बंद पडते. दोरी ओढली की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. अशा वेळी पहिला हात कार्बोरेटरला लागतो. तो उघडायला सोपा असतो आणि त्यात कचरा अडकतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण पेट्रोलच्या वाटेवर कार्बोरेटर जवळपास शेवटी येतो. त्याच्याआधी टाकी, झाकण, नळी, रबरी बल्ब, फिल्टर आणि पंप आहेत. दोष यांपैकी कशात असला आणि कार्बोरेटर दहा वेळा धुतला, तरी मशीन अकराव्यांदा बंद पडणारच.

बंद पडले कसे?

पाना हातात घेण्याआधी एवढे आठवावे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. दाब गेला असेल तर मशीन मुळातच नीट सुरू होत नाही. सुरू होऊन बंद पडणाऱ्या मशीनमध्ये संशयित बहुधा दोनच उरतात, पेट्रोल आणि ठिणगी.

बटण दाबल्यासारखे एका क्षणात बंद पडले, तर विजेकडे पाहावे. आधी आचके दिले, मिस मारले, रेस उतरत गेली आणि मग थांबले, तर पेट्रोल पुरत नाही असे धरून चालावे. मशीन आचके देत असतानाच दोन चाचण्या करता येतात. पहिली, रबरी बल्ब हाताने दाबत राहावा. मशीनने पुन्हा जोर धरला, तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचत नव्हते. दुसरी, चोक अर्धा ओढून पाहावा. चोक दिल्यावर सुधारले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. उलट आणखी घुसमटले आणि काळा धूर आला तर पेट्रोल जास्त जाते आहे, म्हणजे फ्लोटची सुई नीट बसत नसावी.

टाकीपासून पंपापर्यंत

सुटी टाकी वापरणाऱ्यांनी आधी झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहावा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, दुसरे पाडले की धार लागते, टाकीचेही तेच. पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाची ओढ कमी पडते. पाच-दहा मिनिटे चालून बंद पडणारे मशीन झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज होऊन पुन्हा चालू लागले, तर दुरुस्ती तिथेच संपली.

बल्ब हा दुसरा साक्षीदार. सुरू करण्याआधी दाबल्यावर तो घट्ट व्हायला हवा. चालू मशीनचा बल्ब थोडा मऊ लागणे साहजिक आहे; तो चपटा होणे मात्र साहजिक नाही. चपटा झाला तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: झाकणाची हवा, टाकीतली जाळी किंवा दुमडलेली नळी. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर नळीत कुठून तरी हवा शिरते आहे, किंवा बल्बच्या झडपा गेल्या आहेत. अशी हवा बहुतेक वेळा जोडणीच्या कपलरमधल्या झिजलेल्या ओ-रिंगमधून शिरते. तिथून पेट्रोल गळताना दिसेलच असे नाही, कारण ही खेचणारी बाजू आहे. पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बल्ब घट्ट आहे आणि तरीही मशीन उपाशी आहे, तर अडथळा पुढे फिल्टर, पंप किंवा कार्बोरेटरमध्ये शोधावा. बल्बवरचा बाण मशीनकडे आहे ना, हेही पाहावे.

शेजारच्या होडीची चांगली चालणारी टाकी तिच्या नळी-बल्बसकट लावून पाहणे ही सगळ्यांत स्वस्त चाचणी. मशीन नीट चालले तर दोष आपल्या टाकीच्या बाजूला आहे. तरीही बंद पडले तर तो मशीनच्या झाकणाखाली आहे. या एका अदलाबदलीत अर्धी यादी खोडली जाते.

झाकणाखाली आधी फिल्टर, मग पंप. टू-स्ट्रोक मशीनमध्ये क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर एक पातळ डायफ्रॅम हलतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. तो कडक झाला किंवा बारीक फाटला की कमी वेगात काम भागते, पण पूर्ण रेसला पेट्रोल पुरत नाही.

पाणी आणि इथेनॉल

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते, आणि पेट्रोल खेचणारी नळीही तळाशीच असते. बंदरात ठीक चालणारे मशीन लाटेत होडी हलली की बंद पडते, याचे एक कारण हे. फिल्टरमधले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्यावी.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवते. ओलावा ठरावीक मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून एकत्र खाली बसतात. टू-स्ट्रोकमध्ये हे अधिक घातक, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि मशीनच्या पोटात ऑइल नसलेला खालचा थर जातो. म्हणून पावसाळ्यातल्या बंद काळात टाकीत राहिलेले पेट्रोल नव्या हंगामात वापरू नये.

रॉकेलवर चालणाऱ्या मशीनची गोष्ट थोडी वेगळी. रॉकेलची थंड इंजिनात नीट वाफ होत नाही, म्हणून ते पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर घ्यायचे असते. किनाऱ्याला लागण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणले नाही, तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरते आणि सकाळी मशीन सुरू होता होता बंद पडते.

आता कार्बोरेटर

इथवर सगळे ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडावा. त्यात मंद गतीसाठी आणि वेगासाठी पेट्रोलच्या वाटा वेगळ्या असतात. रेसवर झकास चालते, पण रेस सोडताच बंद पडते, असे असेल तर मंद गतीचा जेट तुंबला असावा. त्याचे भोक अतिशय बारीक असते आणि साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर आधी तिथेच बसतो. स्लोला ठीक आणि रेसला आचके, तर मुख्य जेटवर किंवा मागच्या फिल्टर-पंपावर संशय घ्यावा. जेट साफ करताना तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मिश्रण कायमचे बिघडते. क्लीनर स्प्रे आणि हवेचा दाब पुरे.

ठिणगी, उष्णता, पंखा

एकदम बंद पडणाऱ्या मशीनमध्ये आधी मनगटाला बांधायच्या दोरीचा किल स्विच पाहावा. खाऱ्या हवेने त्याचे टोक गंजते आणि हादऱ्याने क्षणभर जरी संपर्क बिघडला तरी मशीन थांबते. मग बॅटरीची टोके आणि अर्थिंगची वायर. तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर बिनतक्रार सुरू होते, असे असेल तर इग्निशन कॉइल किंवा सीडीआय युनिट तापून साथ सोडते आहे का, हे पाहावे. त्यासाठी बंद पडल्या पडल्या स्पार्क टेस्टर लावायला हवा. अर्ध्या तासाने ठिणगी हमखास दिसते. मात्र आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते.

प्लगही बोलतो. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, फिका तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी. ५०:१ प्रमाण सांगितलेल्या टू-स्ट्रोकला एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल पुरते. ‘जरा जास्तच बरे’ म्हणून ओतलेले ऑइल प्लगवर बसते.

मागून पडणारी पाण्याची बारीक धार कमी झाली किंवा थांबली, तर मशीन तापते आहे. पाणी शिरण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल किंवा रबरी इम्पेलर झिजला असेल. असे मशीन थंड होईपर्यंत पुन्हा सुरू करू नये. किनाऱ्यावर चाचणी घेतानाही ते गोड्या पाण्याच्या पिंपात उभे करूनच चालवावे, कारण कोरडा इम्पेलर पाहता पाहता जळतो. गियर टाकताच बंद पडत असेल तर पंख्याच्या शाफ्टला तंगूस गुंडाळला आहे का पाहावे. हात घालण्याआधी मशीन बंद आणि किल स्विचची दोरी काढलेली हवी.

हे सगळे समुद्रात करायची वेळ आली तर क्रम बदलतो. आधी नांगर, मग लाइफ जॅकेट, मग झाकण उघडणे. नांगर न टाकता मशीनवर वाकून बसलेल्याला होडी खडकाकडे वाहते आहे हे उशिरा कळते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असावा.

घरच्या घरी तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मशीन चालवून पाहावे. प्लग, फिल्टर आणि नळी एकदम बदलली तर मशीन कदाचित सुधारेल, पण कशाने, ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचा खर्च होईल. एवढे करूनही दोष सापडला नाही तर मेकॅनिककडे जाताना तीन गोष्टी सांगाव्यात: सुरू केल्यावर किती वेळाने बंद पडले, एकदम पडले की आचके देत, आणि काय केल्यावर पुन्हा चालले. ‘बंद पडते’ एवढेच सांगितले तर त्याला टाकीपासून सुरुवात करावी लागते, आणि त्या वेळेची मजुरी आपल्यालाच भरावी लागते.