शोभिवंत सागरी माशांचे अन्नग्रहण : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :
मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून २०२० च्या टाळेबंदीपर्यंत, नूतनीकरणाचा काळ वगळता, मुंबईकरांना काचेआडचा समुद्र दाखविला. ती हौस आता घरांत आणि क्वचित महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतही उतरली आहे. मात्र खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्यास लवकरच एक विचित्र अनुभव येतो. पाण्याची क्षारता योग्य असते, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असते, अन्न समोर तरंगत असते आणि तरीही मासा खात नाही. काही दिवसांत तो अन्नाच्या सान्निध्यातच उपासमारीने मरतो. प्रस्तुत लेखात या अन्नत्यागामागील कारणे व त्यावरील उपाय यांची चर्चा केली आहे.

अन्नत्यागाची कारणे :
गोड्या पाण्यातील बहुतेक शोभिवंत मासे मत्स्यशेतीत जन्मतात व लहानपणापासून कोरड्या खाद्यावर वाढतात. सागरी माशांचे तसे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन साध्य केले असले, तरी बाजारातील बऱ्याचशा सागरी जाती आजही प्रवाळभित्तींवरूनच पकडलेल्या असतात. अशा माशास चपट्या कोरड्या पापुद्र्यात अन्न दिसतच नाही. यास आपण हट्ट म्हणतो, वस्तुतः ती अनोळख असते.

त्यात प्रवासाची भर पडते. पिशवीतील पाणी दूषित होऊ नये म्हणून पाठवणीपूर्वी माशास उपाशी ठेवतात. पुढे हाताळणी, प्रखर उजेड आणि टाकीतील जुन्या माशांची दांडगाई यांमुळे शरीरातील कॉर्टिसॉलचे प्रमाण वाढते व भूक मंदावते. आतड्यातील परजीवी हेही एक कारण असते, पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा हे त्याचे संभाव्य लक्षण होय. आग्नेय आशियात सायनाइड वापरून पकडलेल्या माशांची अंतर्गत इंद्रियेच दुखावलेली असू शकतात, आणि तेथे पालकाचे कौशल्य फारसे कामी येत नाही.

मुखरचना आणि भक्ष्य :
माशाच्या तोंडाकडे पाहिले तर निम्मे उत्तर मिळते. कॉपरबँड बटरफ्लाय या माशाची लांब चोच खडकांच्या फटींतील कृमी टिपण्यासाठी घडली आहे. मँडरिन मासा दिवसभर खडकावरील सूक्ष्म कोपेपॉड वेचत असतो. त्यास दिवसातून दोन वेळा मूठभर खाद्य देणे म्हणजे गायीला आठवड्यातून एकदा चारा घालण्यासारखे आहे. कीटोडॉन ट्रायफॅशियालिस तर जवळजवळ केवळ अक्रोपोरा प्रवाळाच्या जीवांवरच जगतो. अशी जात विकत न घेणे हाच तिच्या संगोपनाचा एकमेव प्रामाणिक मार्ग होय.

उपाययोजना :
प्रथम माशास निवारा द्यावा, अन्न नंतर. स्वतंत्र टाकी, मंद उजेड, लपण्यासाठी नळीचे तुकडे किंवा खडक आणि समोर माणसांची वर्दळ नाही, एवढे केले तरी अनेक लाजाळू मासे एकदोन दिवसांत बाहेर डोकावू लागतात. त्यानंतर हालचाल करणारे जिवंत भक्ष्य द्यावे. आर्टेमियाची अंडी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तासांत फुटतात. नुकत्याच बाहेर आलेल्या पिलांतील पोषक बलक झपाट्याने संपतो, म्हणून ती ताजीच द्यावीत, अथवा दुसऱ्या अवस्थेत ती खाऊ लागल्यावर त्यांना ओमेगा-३ युक्त खाद्य पाजून मग द्यावीत. मोठी, अपुष्ट आर्टेमिया पोट भरते, पोसत नाही.

या बाबतीत मुंबईकरास समुद्र जवळ असल्याचा लाभ आहे. डॉकयार्ड रोड स्थानकापासून थोड्याच अंतरावर भाऊचा धक्का आहे. तेथे वा कोणत्याही कोळणीच्या पाटीत मिळणारी जिवंत तिसरी उघडून, अर्धा शिंपला मांसासह खडकाच्या फटीत ठेवला असता कॉपरबँडसारखा मासा पुष्कळदा प्रथम त्यालाच चोच लावतो. मांस आणि फट या दोन्ही गोष्टी त्याच्या ओळखीच्या असतात. ताजा जवळा बारीक चिरून, धुऊन देता येतो. मात्र बंदराचे पाणी गढूळ व दूषित असल्याने टाकीत ते ओतू नये. गोठविल्याने काही परजीवी मरत असले तरी सर्व जंतू नष्ट होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. काही शिंपल्यांत व माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारे विकर असते, म्हणून एकाच अन्नावर विसंबू नये.

मासा जिवंत अन्न घेऊ लागला की त्यात थोडे गोठविलेले मायसिस मिसळावे व पंपाच्या हलक्या प्रवाहात सोडावे, म्हणजे मृत भक्ष्यही हलते भासते. मासा घास घेऊन थुंकतो तेव्हा पालक निराश होतो, परंतु चव पाहणे हीच ओळखीची सुरुवात आहे. शेजारी खाणारा, शांत स्वभावाचा दुसरा मासा असल्यास त्याचे पाहूनही नवखा खाऊ लागतो. उरलेले अन्न तासाभरात काढावे, अन्यथा अमोनिया वाढून उपायच अपाय ठरतो.

रोज वरूनही माशाचे निरीक्षण करावे. पोट खपाटीला जाणे हा प्रारंभीचा इशारा असतो. डोक्यामागील पाठीचे स्नायू झिजून कडा दिसू लागल्यास खाऊ लागलेला मासाही बहुधा सावरत नाही.

खरेदीपूर्वीचा विचार :
समुद्रघोड्यास जठर नसते, त्यामुळे त्याला दिवसातून अनेकदा खाऊ घालावे लागते. तथापि हा प्रश्न विभागांपुढे येण्याचे कारण नाही, कारण २००१ पासून समुद्रघोड्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. इतर जातींबाबत विक्रेत्याने मासा आपल्यासमोर खाताना दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विभागाने आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी : रविवारी, दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत टाकीजवळ कोण येणार? प्रयोगशाळा परिचराच्या भरवशावर मँडरिन आणता येत नाही. रोजच्या हजेरीची खात्री नसेल, तर बंदिस्त प्रजननातील, खाद्यास सरावलेला क्लाऊनफिश आणावा.